जुन्या भिंतीतल्या कप्प्यात ४३ इंची टीव्ही कसा बसवावा?

प्रश्न

नमस्कार. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. बांधकाम जुने असून भिंती दगड-मातीच्या आहेत आणि वर माळवद आहे. बाहेरच्या खोलीत पूर्वीच्या डबा टीव्हीसाठी भिंतीतच कप्पा केलेला आहे व त्याला खाली कडप्प्याची फरशी आहे. आतून मोजल्यावर त्याची रुंदी ३६ इंच, उंची २४ इंच आणि खोली २० इंच भरते. सासूबाईंना हल्ली कमी दिसते आणि ३२ इंची टीव्हीवर खालून सरकणारी अक्षरे त्यांना आठ फुटांवरून वाचता येत नाहीत, म्हणून ४३ इंची टीव्ही घ्यायचे ठरले आहे. दुकानदाराच्या मते दोन्ही बाजूंनी भिंत थोडी फोडली की टीव्ही सहज आत जाईल. तसे करणे योग्य आहे का? दुसरा काही मार्ग असल्यास कृपया सांगावा.

प्रतिसाद १

ताई, भिंत मुळीच फोडू नका. अशा घरात माळवदाचा सगळा भार भिंतींवर असतो आणि कप्प्यावरचा भार दोन्ही अंगांच्या दगडांवर उतरतो. दुकानदार जे दगड काढायला सांगत आहे ते नेमके तेच. मातीच्या जोडकामात एक दगड हलला की शेजारचेही सैल होतात.

आता मापाचे पाहू. ४३ इंच हे पडद्याचे तिरपे माप आहे; त्याची आडवी रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर आणि उंची साडेत्रेपन्न सेंटीमीटर येते, त्यात कडा वेगळ्या. तुमचा कप्पा ९१.४ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे हा टीव्ही आत जाणे शक्यच नाही. ४० इंची टीव्ही कसाबसा आत जाईल, पण दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभरही जागा उरणार नाही, आणि टीव्हीच्या चारही बाजूंना साधारण १० सेंटीमीटर मोकळी जागा असावी अशी अपेक्षा असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ४० अंशांपर्यंतचेच तापमान दिलेले असते, त्यामुळे बंदिस्त कप्प्यात कोंडलेल्या गरम हवेचा प्रश्न येथे पुण्या-मुंबईपेक्षा अधिक गंभीर आहे.

माझे मत असे की टीव्ही कप्प्यात बसवण्याचा विचारच सोडावा आणि तो कप्प्याच्या तोंडासमोर बसवावा. रुंदीत तो दोन्हीकडे दोन-तीन सेंटीमीटर भिंतीवर येईल. उंची मात्र कडांसह ५६-५७ सेंटीमीटर आणि कप्पा ६१ सेंटीमीटर, त्यामुळे वर व खाली फट उरेल. खालच्या फटीतून हवा आत येईल आणि वरच्या फटीतून गरम हवा बाहेर पडेल. शिवाय पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले असतात, त्यांचा आवाज खोल कप्प्यात घुमतो. पुढे बसवल्यास तो त्रासही बराच कमी होईल.

प्रतिसाद २

मी सुतारकाम करतो, म्हणून वरील सल्ल्यात थोडी भर घालतो. कप्प्याच्या मागच्या भिंतीवर पुढे ओढता येणारा स्टँड लावण्याच्या भानगडीत पडू नये. २० इंच बाहेर काढलेल्या हातावर सात-आठ किलोचा टीव्ही कायम लोंबत राहिला, तर सगळी ओढ वरच्या बोल्टांवर येते. त्याऐवजी सागवानाच्या तीन बाय दोन इंची दोन आडव्या पट्ट्या कप्प्याच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत लोखंडी अँगलने बसवाव्यात. ड्रिल दगडाच्या मध्यावर चालवावे. सांध्यातल्या मातीत फास्टनर धरत नाही, तो हाताने फिरवला तरी फिरतो. पट्ट्यांचा दर्शनी भाग भिंतीच्या पातळीत आला की त्यावर साधा स्टँड लावता येतो, आणि स्टँडच्या जाडीमुळे भिंत व टीव्ही यांत दोन-तीन सेंटीमीटर अंतर आपोआप राहते. प्लायचा अखंड तक्ता मारू नये, कारण त्याने हवेचा रस्ता बंद होतो.

टीव्हीच्या पाठीमागील चार छिद्रांमधील अंतर मात्र टीव्ही घरी आल्यावर मोजावे आणि मगच पट्ट्यांच्या जागा ठरवाव्यात. हे अंतर प्रत्येक मॉडेलचे सारखे नसते. स्क्रूही माहितीपुस्तिकेत दिलेल्या लांबीचेच वापरावेत, लांब स्क्रू आतल्या भागाला लागू शकतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. भिंत फोडायची नाही, हे घरात सर्वांना पटले आहे. एक अडचण अशी की बटणांचा बोर्ड कप्प्याच्या आत डाव्या अंगाला आहे आणि सेट-टॉप बॉक्सही आतच ठेवायचा विचार होता. घरामागे यंत्रमागाची शेड असल्याने सुताचा बारीक तूस सतत घरात येतो, त्याचीही काळजी वाटते.

प्रतिसाद ३

सॉकेट आतच राहू द्यावे. बटण मात्र वायरमनकडून बाहेरच्या भिंतीवर घ्यावे, म्हणजे पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की टीव्हीमागे हात न घालता वीज बंद करता येईल. सेट-टॉप बॉक्स टीव्हीमागे ठेवल्यास रिमोट चालणार नाही, तो कप्प्याखाली छोट्या फळीवर ठेवावा. एचडीएमआयची वायर टीव्ही टांगण्यापूर्वीच जोडून तिला हातभर ढील द्यावी. तूस टीव्हीच्या पाठीवरील जाळीत अडकतो आणि त्याचा थर बसला की उष्णता आतच राहते, म्हणून दर महिन्याला वीज बंद करून कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडावी. ओले फडके वापरू नये. फटींना पडदा किंवा जाळीही लावू नये. तूस त्यावर जमून हवा अडेल.