ज्येष्ठांच्या फोनवर जाहिराती अडवणं: हक्क की फुकटेगिरी?

रानजाई

मुद्दा थेट मांडते. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर जाहिराती अडवायची सोय मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी स्वतःहून करून द्यायला हवी असं माझं ठाम मत आहे. पलीकडच्या धाग्यावर पाटपाणी यांनी लिहिलंय की जाहिरात अडवून साइट वाचणं म्हणजे खानावळीत जेवून पैसे न देता उठणं. मला हे अजिबात पटत नाही. खानावळीत दर भिंतीवर लिहिलेला असतो. इथे पैशांऐवजी आपली माहिती जाते, आणि काय दिलं, किती दिलं आणि कोणाला दिलं, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही.

माझे सासरे तिथी बघायला पंचांगाचं अ‍ॅप उघडतात. आधी पडदाभर जाहिरात. ती बंद करायची फुली कोपऱ्यात, करड्यावर करडी, आणि तीही काही सेकंदांनी उगवते. त्यांचं बोट थरथरतं, फुलीच्या जरा बाजूला पडतं आणि प्ले स्टोअर उघडतं. अशानेच "फोन साफ करणारं" एक अ‍ॅप आत शिरलं आणि मग लॉक स्क्रीनवरही जाहिराती सुरू झाल्या. त्यांना वाटलं फोन बिघडला.

डोळ्यांना दिसतो तो त्रास निम्माच. जाहिरात उमटण्याआधी पापणी लवायच्या आत तिचा लिलाव होतो. फोनचं मॉडेल, अंदाजे ठिकाण, जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) ही माहिती बोली लावणाऱ्या ढीगभर कंपन्यांकडे जाते. जागा एकीलाच मिळते, माहिती सगळ्यांना. अ‍ॅपांमधून गोळा केलेली लोकांची ठिकाणं विकणाऱ्या एक्स-मोड या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने जानेवारी 2024 मध्ये संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी घातली. कोण कुठल्या दवाखान्यात, कुठल्या प्रार्थनास्थळी गेलं, असली माहिती ती.

उपाय फुकट आहे. अँड्रॉइड 9 पासून सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतो. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी सेवा. तिथे अ‍ॅडगार्डसारख्या जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता टाकायचा, की जाहिरातवाल्यांच्या सर्व्हरचा रस्ताच फोनला सापडत नाही. जोडीला गूगलच्या सेटिंग्जमध्ये जाहिराती या सदरात जाऊन जाहिरात आयडी हटवायचा. चहा होईपर्यंत दोन्ही कामं उरकतात. हे आपण का करू नये, ते सांगा.

पाटपाणी

रानजाईताई, ते वाक्य माझंच आणि मी त्यावर ठाम आहे. मी मराठी पाककृतींची साइट चालवते. होस्टिंग, डोमेन, फोटो आणि एकेक पदार्थ जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लागणारा किराणा, हे सगळं जाहिरातींतून निघतं. वर्गणी मागून बघितली. लोक "खूप छान काम, ताई" लिहितात आणि पुढे जातात. त्यात मराठी मजकुरावरच्या जाहिरातीला इंग्रजीच्या मानाने दर कमी.

आता तुमचा डीएनएस कोणाला अडवतो ते बघा. यूट्यूबची जाहिरात व्हिडिओ येतो त्याच सर्व्हरांवरून येते, तिला तो हात लावू शकत नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामच्या फीडमधल्या जाहिरातींनाही नाही. म्हणजे ज्यांच्याकडे आपली सगळ्यांची कुंडली आहे ते सुटले आणि सांगलीतल्या स्वयंपाकघरातून अनारशाची कृती लिहिणारी मी अडकले. याला तुम्ही खासगीपणाची लढाई म्हणता?

गवतीचहा

रानजाईशी सहमत. आजीच्या फोनवर केलंय. दीड जीबीचा रोजचा डेटा आता संध्याकाळपर्यंत पुरतो.

तिरकीरेघ

नेटवर्कचं काम करतो, म्हणून राहवत नाही. डीएनएस म्हणजे तुमचा फोन कुठल्या कुठल्या दारात गेला याची वही. ती वही आजवर जिओ किंवा एअरटेलकडे होती, आता परदेशातल्या एका सेवेकडे जाईल. ती सेवा प्रामाणिक असेलही. पण "अडवलं" आणि "दुसऱ्याच्या हाती दिलं" यांतला फरक लोकांना सांगा तरी.

यापेक्षा घातक म्हणजे फुकट व्हीपीएन (फोनची सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरमधून नेणारी सोय) घालून जाहिराती अडवणारी अ‍ॅपं. फेसबुकने 2013 मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचं व्हीपीएन संरक्षणाच्या नावाखाली लोक कुठली अ‍ॅपं वापरतात ते फेसबुकला कळवत होतं. अ‍ॅपलने 2018 मध्ये हरकत घेतली तेव्हा ते अ‍ॅप स्टोअरमधून गेलं. अँटिव्हायरसवाल्या अव्हास्टचं तर याहून वाईट. ट्रॅकिंगपासून वाचवतो म्हणणाऱ्या या कंपनीने लोकांचा ब्राउझिंगचा इतिहासच विकला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये 1 कोटी 65 लाख डॉलर भरायचं कबूल केलं. आपल्याकडे लोक "अ‍ॅड ब्लॉकर" शोधतात आणि वर येईल ते पहिलं घालतात. धागा वाचून आणखी दहा जण तेच करतील, ही माझी भीती.

साधामाणूस_सातारा

वय 68. मी स्वतः ज्येष्ठ, म्हणून बोलतो. आमच्या फोनचं तुम्ही परस्पर ठरवणार आणि वर त्याला आमचा खासगीपणा म्हणणार? माझ्या मुलाने असंच काहीतरी करून ठेवलं. त्यानंतर स्टेशनवर फुकट वायफायला जोडलं तर लॉगिनचं पानच उघडेना. गाडीची वेळ बघायची होती. मुलगा पुण्यात, फोन उचलेना. शेवटी स्टॉलवरच्या पोराने कुठली तरी सेटिंग बंद केली तेव्हा जमलं. काय बदललंय हेच मला माहीत नव्हतं, तर मी दुरुस्त काय करणार?

आणि सगळ्या जाहिराती वाईट नसतात. ठिबकचं अनुदान, बियाणं, तालुक्यात भरणारं कृषी प्रदर्शन, हे मला जाहिरातीतूनच कळतं.

रानजाई

काका, "स्वतःहून" म्हणजे तुम्ही मागायची वाट न बघता. विचारून आणि समोर बसून दाखवूनच. सासऱ्यांच्या वहीत ही सेटिंग कुठे आहे आणि बंद कशी करायची हे मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. स्टेशनवरचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. लॉगिनपुरतं ते "ऑटोमॅटिक"वर ठेवायचं, नंतर पुन्हा लावायचं. मुलाने हे सांगायला हवं होतं.

तिरकीरेघ, मान्य, वही कोणाकडे तरी जातेच. पण माझी तक्रार वहीपेक्षा लिलावाची आहे. एका सेवेचं धोरण मी वाचू शकते, नाही पटलं तर बदलू शकते. बोली लावणाऱ्या त्या सगळ्यांची नावंसुद्धा मला मिळत नाहीत. फुकट व्हीपीएनबद्दल मात्र तुमचा इशारा सगळ्यांनी दोनदा वाचावा.

आणखी एक. डिसेंबर 2022 मध्ये एफबीआयने लोकांना शोधताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा असा सल्ला दिला, कारण भामटे पैसे भरून नामांकित कंपन्यांच्या नावाने जाहिराती लावतात आणि त्या शोधात सर्वांत वर दिसतात. ग्राहक सेवेचा नंबर शोधणारा माणूस आधी वरच्यालाच फोन लावतो. पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करण्यापेक्षा ती जाहिरात दिसलीच नाही तर बरं.

काळाकोट

मला हा सगळा मार्गच अपुरा वाटतो. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टास्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. दंड 250 कोटींपर्यंत आहे. 18 वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला हा कायदा मनाई करतो. तसंच संरक्षण ज्येष्ठांना मागा. एकेका फोनमध्ये कुंपण घालत बसलात तर ज्यांच्या घरी जाणकार सून नाही त्यांचं काय?

आणि ब्लॉकरने संपर्क यादी वाचणारी अ‍ॅपं थांबत नाहीत. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांनी लोकांच्या नातेवाइकांना फोन करून केलेला छळ माझ्या अशिलांनी भोगलाय. तिथे उपयोगी पडला तो रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2022 चा आदेश: अशा अ‍ॅपांनी फोनमधली संपर्क यादी, कॉल लॉग, फाइल्स यांना हात लावायचा नाही. परवानग्या तपासा, ते डीएनएसपेक्षा महत्त्वाचं.

इसारकाठ

म्युनिकहून. इथे अ‍ॅक्सल स्प्रिंगर या बड्या वृत्तपत्र समूहाने अ‍ॅडब्लॉक प्लसच्या कंपनीवर दावा लावला होता. एप्रिल 2018 मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल ब्लॉकरच्या बाजूने दिला: जाहिरात अडवायची की नाही हे वापरणारा ठरवतो, त्यात अनुचित स्पर्धा नाही. पण तीच कंपनी "सभ्य" जाहिराती आत सोडण्यासाठी मोठ्या जाहिरातदारांकडून पैसे घेते. पाटपाणींचा राग मला समजतो. लहान साइटवाल्याला दोन्हीकडून मार.

रानजाई

काळाकोट, कायदा हवाच. पण मुख्य तरतुदी लागू व्हायला नियम आल्यापासून 18 महिने दिलेत आणि सासरे पंचांग आज उघडतात.

पाटपाणीताई, तुमचं म्हणणं डोक्यातून जात नाहीये, कारण डीएनएस तुम्हाला सूट देऊच शकत नाही. विनंती तुमच्या साइटवरून आली की पंचांगाच्या अ‍ॅपमधून, हे त्याला कळतच नाही. म्हणून माझ्या स्वतःच्या फोनवर मी फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन ठेवलंय, प्रायव्हेट डीएनएस नाही. त्यात एका साइटपुरतं बटण बंद करता येतं. तुमच्यासाठी आजच करते. सासऱ्यांच्या फोनवर मात्र डीएनएसच राहणार.

एक विचारते. सांगलीतल्याच एखाद्या हळदवाल्याची किंवा तुपवाल्याची जाहिरात तुम्ही थेट का घेत नाही? साधं चित्र, तुमच्याच डोमेनवरून. डीएनएस ते अडवत नाही, कोणाचा मागही निघत नाही, आणि माझ्या सासऱ्यांनाही ते दिसेल. साताऱ्याच्या काकांना हवी तशीच जाहिरात ती.

पाटपाणी

सुचवणं सोपं आहे, ताई. थेट जाहिरात म्हणजे दुकानं हिंडायची, दर ठरवायचा, बिल करायचं, पैशांसाठी चार फोन करायचे. मी एकटी आहे. अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरात सेवेचा कोड एकदा चिकटवला की पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यात येतात, किमान रकमेचा उंबरठा भरला की. आणि माझे बहुतेक वाचक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकने येतात आणि क्रोममध्ये वाचतात. साइटपुरतं बटण बंद करणारी तुमच्यासारखी एखादीच.

तरी दिवाळीच्या फराळाची पानं वेगळी काढते. त्यांवर ट्रॅकर नाही, फक्त दोन-तीन स्थानिक दुकानांची चित्रं. बाजारपेठेतल्या एका तुपवाल्याशी उद्या बोलते, तो निदान ऐकून तरी घेईल. हिशोब जमला तर इथेच आकडे टाकीन, नाही जमला तरी टाकीन. तोवर जो डीएनएस लावून माझी साइट वाचतो, त्याने माझ्या कष्टाचं मोल दिलेलं नाही, हे माझं म्हणणं कायम.