मदत हवी आहे: सक्तीच्या गाडीविम्याचा हप्ता कशावर ठरतो? माझ्या मॉडेलमध्ये चालकाच्या वयाला काही किंमतच नाही

नमस्कार मंडळी, एमएस्सी स्टॅटच्या प्रोजेक्टमध्ये अडकलेय, कोणी विमावाले असाल तर प्लीज वाचा. विषय असा की विकसनशील देशात गाडीच्या सक्तीच्या विम्याचा म्हणजे थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) हप्ता कशाकशावर ठरतो. एका कंपनीकडून पॉलिसींचा डेटा मिळालाय, नावं नंबर काढून, पण अट अशी की कंपनी, देश काही सांगायचं नाही, त्यामुळे ते विचारू नका. कॉलम आहेत इंजिनचे सीसी, गाडीची किंमत, चालकाचं वय, स्त्री की पुरुष, शहर की खेडं, घरगुती वापर की भाड्याची, मागचे क्लेम आणि भरलेला हप्ता.

हप्ता वाय, बाकी सगळं एक्स, साधं लिनियर रिग्रेशन (बाकी कॉलमवरून हप्त्याचा अंदाज बांधणारं सरळ रेषेचं सूत्र). आर स्क्वेअर (हप्त्यांतला किती फरक मॉडेलला कळतो ते, १ म्हणजे सगळा) आला ०.९८! मी खूश, मैत्रिणीला मेसेजपण टाकला, मग नीट बघते तर सीसी आणि वापर सोडून कशाचाच पत्ता नाही. वयाचा परिणाम शून्य, मागच्या क्लेमचा शून्य, आणि किमतीचं चिन्ह चक्क मायनस, म्हणजे गाडी महाग तर हप्ता कमी?? सर म्हणाले तरुण पोरं जास्त ठोकतात हे शेंबडं पोरही सांगेल, तुझं मॉडेल का सांगत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १
अगं चुकलं काहीच नाही, तू कंपनीचं रेटकार्ड शोधून काढलंयस. बऱ्याच देशांत सक्तीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. आपल्याकडचंच बघ, १ जून २०२२ ला लागू झालेले खाजगी कारचे थर्ड पार्टी दर १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६, त्याच्यावर ७८९७. त्यात वय कुठंय? नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) सुद्धा फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. जे कार्डात नाही ते रिग्रेशनमध्ये कुठून येणार. हप्त्यावरून फक्त दर ठरवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं एवढंच कळतं.

प्रतिसाद २
किमतीचा मायनस सोडून दे, मोठं इंजिन तीच महाग गाडी, दोन्ही कॉलम एकच गोष्ट सांगतायत. व्हीआयएफ (एक कॉलम बाकीच्यांशी किती जुळतो ते सांगणारा आकडा) काढून बघ, दोन्हींपैकी एकच ठेव.

धागाकर्ती
ओह!! मग धोका बघायला क्लेमचा कॉलम घेऊ का? पण त्यात बहुतेक ओळी शून्य आहेत, रिग्रेशन कसं लावू?

प्रतिसाद ३
क्लेम खात्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून जरा लांबण लावतो. दोन भाग कर, क्लेम किती झाले ते वेगळं आणि एकेक केवढ्याचा ते वेगळं. पहिल्याला पॉयसन (घटना किती वेळा घडल्या ते मोजायचं वितरण; शून्यांना घाबरू नकोस, सरासरी कमी असली की पॉयसनमध्ये शून्यंच जास्त निघतात, पण व्हेरियन्स म्हणजे आकड्यांचा पसारा सरासरीपेक्षा फारच मोठा असेल तर जास्त पसारा चालवून घेणारं निगेटिव्ह बायनॉमियल बघ), दुसऱ्याला गॅमा (शून्यापेक्षा मोठ्या रकमांसाठीचं वितरण), दोन्हीला लॉग लिंक, म्हणजे परिणाम बेरजेऐवजी गुणाकाराने जोडले जातात. पॉलिसी किती महिने चालू होती त्याचा लॉग पहिल्या मॉडेलमध्ये ऑफसेट (ठरलेली, अंदाज न करायची भर) म्हणून घालायचा, हे विसरलीस तर तीन महिन्यांची गाडी उगाच गुणी दिसेल. दोन्हींचा गुणाकार म्हणजे निव्वळ धोक्याचा हप्ता, त्यावर खर्च, कमिशन, नफा.

आता खरी गोम. सक्तीच्या विम्यात पैसे जातात ते समोरच्या माणसाला. भारतात मृत्यूची भरपाई त्याचं उत्पन्न, वय, घरी अवलंबून कोण यावर मोजतात, कायद्यात वरची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला मात्र कारच्या पॉलिसीत साधारणपणे साडेसात लाखांची असते. म्हणजे अपघात तेवढेच राहिले तरी लोकांचे पगार वाढले की क्लेम वाढतो, आणि तुझ्या कॉलममध्ये पगार कुठेच नाही. शिवाय केस कोर्टात वर्षानुवर्षं चालते, त्यामुळे मागच्या दोनेक वर्षांच्या पॉलिसी स्वस्त दिसतील, त्या आहेत तशा घेऊ नकोस. स्त्री पुरुष कॉलमही जपून, युरोपियन युनियनमध्ये २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसीत त्यावरून वेगळा हप्ता लावता येत नाही, डेटात फरक दिसला म्हणजे तो वापरता येतोच असं नाही.

आणि एक, वयाचा कॉलम नक्की कुणाचा? पॉलिसीवर जन्मतारीख मालकाची असते. भाड्याच्या गाडीचा मालक साठ वर्षांचा, चालवणारा बाविशीतला.

धागाकर्ती
काका, आत्ता मूळ फाइल उघडली, कॉलमचं खरं नाव 'विमाधारकाची जन्मतारीख' आहे, चालक मीच लिहिलं होतं 🤦 आणि भाड्याच्या गाड्यांतल्या ढीगभर ओळींत तारीख आहे १ जानेवारी १९००. कंपनीला जन्मतारीख नसते, म्हणजे कंपन्यांच्या नावावरच्या गाड्या असणार ना या? उडवून टाकू की 'मालक कंपनी' असा वेगळा गट करू?

प्रतिसाद ३
वेगळा गट. उडवू नकोस, क्लेम त्यांचेच जास्त निघतील बघ.