मदत हवी आहे: टाइप 1 डायबेटिस, वय 12. पेनच चालू ठेवावं की पंप घ्यावा?

नमस्कार,

माझ्या मुलीला टाइप 1 आहे. सध्या रात्री झोपताना ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) आणि प्रत्येक खाण्याआधी कार्ब (खाण्यातले पिष्टमय पदार्थ आणि साखर) मोजून अस्पार्ट (जलद इन्सुलिन), असं इन्सुलिन पेननेच चाललंय. अंगावर सतत शुगर मोजणारा सेन्सर आहे. गेल्या भेटीत डॉक्टरांनी पंपाचा (अंगावर लावून सतत थोडं थोडं इन्सुलिन देणाऱ्या यंत्राचा) विषय काढला, पण पेनवर राहिलात तरी हरकत नाही, असंही म्हणाले. म्हणजे ठरवायचं आम्हालाच आहे आणि पुढच्या भेटीपर्यंत काहीतरी उत्तर द्यायचंय. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांच्याशी बोलल्याशिवाय मला ते जमणार नाही.

आमची खरी अडचण आहे पहाट. मध्यरात्रीपर्यंत आलेख छान 110-120 वर सरळ चालतो. तीन वाजून गेले की चढायला लागतो आणि ती उठते तेव्हा 220 च्या पुढे असतो. रात्री उशिरा काही खाल्लेलं नसतं. वाढीच्या वयात पहाटे ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल वाढतात, त्यामुळे हे होतं, असं डॉक्टरांनी समजावलंय. ग्लार्जिन वाढवलं की सकाळ सुधारते, पण मग दीड-दोनला 65 चा अलार्म वाजतो आणि झोपेतल्या पोरीला उठवून ग्लुकोज पाजावं लागतं. कमी केलं की पुन्हा सकाळ बिघडते. ग्लार्जिन एकदा टोचलं की जवळजवळ चोवीस तास साधारण एकाच गतीने काम करतं, फक्त पहाटेपुरतं वाढव म्हणून त्याला सांगता येत नाही. पंपात मात्र तासागणिक बेसलचा (सतत लागणाऱ्या मूळ इन्सुलिनचा) दर वेगळा ठेवता येतो. मला पंपाकडे ओढणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट खेळाची. संध्याकाळी ती दमून येते आणि रात्री शुगर घसरते. सकाळीच कळलेलं असतं की आज सामना आहे, पण आदल्या रात्रीचं ग्लार्जिन शरीरात गेलेलं असतं, ते परत काढता येत नाही. पंपावर त्या वेळेपुरता दर कमी करता येतो. शिवाय तिची एका युनिटने शुगर साधारण 60 ने उतरते. आमचं पेन अर्ध्या युनिटचं आहे, तरी कधीकधी तेवढंही जास्त होतं. पंप त्याहून खूप बारीक मात्रा देतो.

आता भीती. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, खाली लाँग-अ‍ॅक्टिंगचा आधार नसतो. कॅन्युला (त्वचेखाली बसणारी बारीक नळी) वाकली, नळी निसटली किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला तर काही तासांतच इन्सुलिन संपतं आणि कीटोन (इन्सुलिन नसलं की रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढायला लागतात. दिवसा लक्षात येईल, पण रात्री? सेन्सरचा अलार्म आहे, पण तो तरी शुगर वर गेल्यावरच वाजणार.

पंप लावला की कंट्रोल आपोआप सुधारतो, असं मी मानत नाही. टाइप 1 च्या रुग्णांवरच्या, 1993 साली संपलेल्या डीसीसीटी अभ्यासात काटेकोर उपचारांच्या गटात दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं घेणारेही होते आणि पंपवालेही, आणि त्या गटाला डोळे-किडनीच्या बाबतीत मोठा फायदा झाला. 2017 च्या रिपोज अभ्यासात प्रौढांना पंप किंवा इंजेक्शनं दिली, प्रशिक्षण दोघांनाही सारखंच. HbA1c मध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) म्हणावा असा फरक पडला नाही. पण ते साधे पंप होते. सेन्सर वाचून स्वतःच बेसल कमी-जास्त करणाऱ्या पंपांना हे लागू करता येणार नाही, आणि आम्हाला सुचवलेला पंप त्याच प्रकारचा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेकीचं स्वतःचं म्हणणं. "सेन्सर ठीक आहे, पण नळीवालं काही चोवीस तास अंगावर नको." इंजेक्शनचा तिला कंटाळा नाही. स्वतः टोचते, मनात दहापर्यंत मोजते आणि मगच सुई बाहेर काढते. या वयात तिने हे इतकं अंगवळणी पाडलंय की ते मोडायला माझं मन धजत नाही. दुसरीकडे तिच्या मांडीवर एका जागी टणकपणा आलाय, तिथे टोचलं की इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून ती जागा सध्या बंद ठेवलीय. पंपाचा सेट (नळी आणि कॅन्युला) दोन-तीन दिवसांनी बदलायचा म्हणजे टोचणं खूप कमी होईल. तिला हे सांगितलं तर म्हणाली, विचार करते.

ज्यांची मुलं या वयात पंपावर गेली त्यांनी कृपया सांगा: पहाटेची चढण खरंच आटोक्यात आली का, आणि किती दिवसांनी? रात्री सेट बिघडल्याचं कसं कळलं, तेव्हा काय केलंत? मुलाची इच्छा नसताना लावला असेल तर पुढे काय झालं? पंपावरून परत पेनवर आलेल्यांनी कारण जरूर लिहा. आणि ग्लार्जिनऐवजी डेग्लुडेक (त्याहून जास्त वेळ टिकणारं इन्सुलिन) घेऊन किंवा ग्लार्जिनची वेळ बदलून कोणाची पहाट सुधारली असेल तर तेही कळवा, म्हणजे पंपाआधी डॉक्टरांशी त्याबद्दल बोलता येईल.

डोस आम्ही डॉक्टरांना विचारूनच बदलतो, त्यामुळे युनिटचे आकडे सांगू नका, अनुभव सांगा. नळी नसलेला, थेट अंगाला चिकटणारा पंप या वयाच्या मुलाने वापरला असेल तर त्याबद्दल थोडं सविस्तर लिहाल का? ते प्रतिसाद मी लेकीलाच वाचायला देणार आहे.