सुई टोचली, पेशंटचे रिपोर्टच नाहीत, आत्ताच सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) जाऊ का?

राजारामपुरी_सिस्टर: खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मगाशी ट्रे आवरताना कापसाच्या बोळ्याखाली कुणीतरी तशीच टाकलेली ब्लड काढायची सुई ग्लोव्हमधनं आरपार बोटात घुसली, रक्त पण आलं. पेशंट ॲक्सिडेंटचा, एचआयव्ही वगैरे काहीच केलेलं नाही. इनचार्ज म्हणतात स्पिरिट लाव, सकाळी बघू. हेपेटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस शिकताना झालेत, टायटर (लसीनं अंगात किती संरक्षण तयार झालं ते बघायची रक्ताची टेस्ट) कधी केलं नाही. रडू येतंय नुसतं.

काउन्सेलर_दादा: ताई, सकाळची वाट बघू नका, आत्ताच निघा. आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा, बोट पिळू नका, स्पिरिट तर नकोच. सीपीआरच्या कॅज्युअल्टीत थेट सांगा, नीडल स्टिक झालीय, पीईपी (एचआयव्ही लागू नये म्हणून सुई टोचल्यावर घ्यायचं औषध) पाहिजे. पहिला डोस दोन तासांत मिळाला तर उत्तम, 72 तास उलटले की देत नाहीत. रोज एक गोळी, 28 दिवस, मधे सोडायची नाही. पेशंटची टेस्ट त्याची संमती घेऊन करायला सांगा पण रिपोर्टसाठी डोस अडवू नका, निगेटिव्ह आला तर डॉक्टर बंद करतील की. आणि घाबरू नका, पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तरी एचआयव्ही लागायचा धोका 1000 मधे साधारण 3 एवढाच असतो.

लॅबवाला_कोल्हापूर: सगळे एचआयव्हीलाच घाबरतात, पण लस नसेल तर हेपेटायटिस बी त्याच्या कितीतरी पट सहज लागतो. अँटी-एचबीएस टायटर लगेच करा, 10 किंवा जास्त आलं तर काळजी नाही, कमी आलं तर डॉक्टरांना इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) विचारा, ते शक्यतो 24 तासांत घ्यायचं असतं. हेपेटायटिस सीला आधी घ्यायचं औषध नाही, त्याची टेस्ट आज एक आणि पुढं परत, लागलाच तरी आता गोळ्यांनी बरा होतो.

जुनी_सिस्टर: बाळ, रजिस्टरला वेळेसकट लेखी नोंद कर आणि कॉपी ठेव. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात आहे, स्टाफला पीईपी देणं हॉस्पिटलचं काम आहे, उपकार नव्हे. सुई पांढऱ्या डब्यातच जायला पाहिजे, नाहीतर उद्या कचरा उचलणाऱ्या मावशींना टोचंल, त्यांना तर लस पण कुणी दिलेली नसते.

राजारामपुरी_सिस्टर: आत्ताच आले सीपीआरमधनं, पहिली गोळी घेतली, बेसलाइनचं (आत्ता काही नाही ना ते बघायला) रक्त पण दिलं. मला आयर्न-कॅल्शियम चालू आहे, चालतंय का?

काउन्सेलर_दादा: बरं केलंत! पीईपीची गोळी त्याच्या दोन तास आधी घ्या नाहीतर सहा तास नंतर. परत टेस्ट सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी, तोवर रक्तदान नको आणि घरी कंडोम वापरा.