हेरवाडचा ठराव आणि आपलं घर : तुमचे अनुभव लिहा

पंचगंगाकाठ

मी शिरोळ तालुक्यातली. हेरवाड आमच्या शेजारचं गाव, त्यामुळे ४ मे २०२२ला तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा ती बातमी पेपरात यायच्या आधी आमच्या बसस्टँडवर पोचली होती. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. करमाळ्याच्या एका संस्थेनं ही कल्पना मांडली होती, आणि ते वर्ष होतं राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं. दोनच आठवड्यांत, १७ मेला, राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आम्हाला अभिमान वाटला. अजूनही वाटतो.

पण मला आठवली माझी आत्या. १९८८ साली मी नऊ वर्षांची होते. अंगणात तिला पाटावर बसवलं, आधी दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या चढवल्या, कपाळभर मळवट भरला. नवी नवरी दिसत होती. मग सगळं उतरवलं. बांगड्या उंबऱ्यावर दगडानं फोडल्या. एक काच मनगटात शिरली, ती खूण आत्याच्या हातावर शेवटपर्यंत होती. आणि दगड कुणाच्या हातात होता? आमच्या चुलत आजीच्या. ती स्वतः बावीसाव्या वर्षी विधवा झालेली. रडत रडत फोडत होती.

मला तेव्हापासून वाटतं, प्रथा मोडायची तर त्या दगड धरणाऱ्या हातापाशी जाऊन मोडायला हवी. म्हणून हा धागा. तुमच्या घरी, भावकीत त्या दिवशी खरोखर काय झालं? कोण बोललं, कोण गप्प राहिलं? माणसांची नावं लिहू नका.

सही माझीच होती

सांगली जिल्हा. मी ग्रामपंचायत सदस्य. परिपत्रक आल्यावर आमच्याकडंही ग्रामसभा झाली. सूचक, अनुमोदक, टाळ्या. विरोधात एक हात वर झाला नाही. मला वाटलं, झालं काम.

श्रावणात गावातला चौतीस वर्षांचा ड्रायव्हर अपघातात गेला. आम्ही सगळे सदस्य रक्षाविसर्जनाला हजर होतो. माती सावडून झाली, घरी आलो, आणि बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "आवरा की आता, ऊन चढतंय." भावकीतल्या एका म्हातारीला पुढं केलं. गावात हे काम नेहमी तीच करते. मी फाटकापाशी उभा. बायकांच्यातलं आहे, आपण कसं बोलायचं, असं म्हणून उभाच राहिलो. पंधरा मिनिटांत सगळं उरकलं. इतकंच लागतं, पंधरा मिनिटं. त्या वेळेत कुणी तोंड उघडलं नाही, तर ठराव दप्तरातच राहतो.

रात्री बायको जेवायला वाढताना म्हणाली, "ठरावावर सही तुमचीच होती न्हवं?" घास उतरला नाही.

दुसऱ्या वेळी मात्र मी आणि आशाताई आधी त्या म्हातारीच्या घरी गेलो. तिला म्हटलं, आजी, उद्या तुम्ही हे करू नका. ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "मला काय हौस हाय व्हय रं? बोलिवत्यात म्हणून जाते. आजवर कुणी इचारलंच न्हाई, तुला करायचं हाय का म्हणून." ती आली नाही. दुसरी कुणी पुढं झाली नाही. कपाळावरचं कुंकू राहिलं.

ठराव करणाऱ्या सगळ्या गावांना माझं एकच सांगणं आहे, सभेआधी त्या म्हातारीकडं जा.

टिकलीचं पाकीट

माझा अनुभव उलटा आहे. मतही थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

नवरा एप्रिल २०२१मध्ये कोविडनं गेला. महापालिकेच्या माणसांनीच अंत्यसंस्कार केले. मी घरात विलगीकरणात, मुलगी आईकडे. अंगण नाही, पाट नाही, कुणी आलंच नाही. चौथ्या रात्री मी आरशासमोर उभी राहून मंगळसूत्र स्वतः काढलं आणि त्यांच्या घड्याळाच्या डब्यात ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते घालवत नव्हतं, इतकंच.

पुढच्या वर्षी हेरवाडची बातमी आली. भावजय फार मायेनं टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. "ताई, आता लावा, सरकारनंच सांगितलंय." मी म्हटलं, आज नको. तिला वाईट वाटलं. मग नात्यातली एकेक जण विचारायला लागली, अजून का लावत नाही? आधी लावलं म्हणून बोलले असते, आता नाही लावलं म्हणून बोलत होते. माझ्या कपाळावर माझा हक्क आहे, हे दोन्हीकडच्यांनी लक्षात ठेवायला हवं.

दीड वर्षानं मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला मी बारीक काळी टिकली लावली. मुलगी रिक्षात एवढंच म्हणाली, "आई, वाकडी लागलीये." आणि सरळ करून दिली.

पंचगंगाकाठ

@टिकलीचं पाकीट, राग कसला? हे लिहिलंत ते फार बरं केलंत. जबरदस्तीनं पुसणं बंद व्हायला हवं, जबरदस्तीनं लावणं सुरू करायला नको. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे सुटलं होतं.

कापूसपट्टा

यवतमाळ. माझा बाप गेला तेव्हा मी दहावीत होतो. फवारणीचंच औषध प्याला. पंचनामा, तहसील, मग समितीपुढे प्रकरण "पात्र" ठरलं. पात्र म्हणजे एक लाख रुपये. त्यातले ३० हजार हाती, ७० हजार ठेव म्हणून खात्यात. मदत घेतानाही माणसाला पात्र, अपात्र ठरवतात, तो शब्द मला आजही टोचते.

कुंकवाबद्दल तुम्ही सगळे लिहून राहिले, ते खरं आहे. पण त्याच्या पोटात काय असते ते सांगतो. आईचं कपाळ पुसलं, कोपऱ्यात बसवलं आणि सांगितलं, आता महिना सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. त्याच महिन्यात काका कागद घेऊन आले. वारसनोंद करायची आहे, इथं सही कर. ते हक्कसोडपत्र होतं. आई बाहेर पडू शकत नव्हती, तलाठ्याकडे जाऊ शकत नव्हती, कुणाला विचारू शकत नव्हती. आमचे शाळेतले सर भेटायला आले होते, त्यांनी कागद वाचला आणि फक्त मान हलवली. आईनं सही केली नाही.

१९५६च्या वारसा कायद्यानं नवऱ्याच्या हिश्श्यावर बायकोचा मुलांइतकाच हक्क आहे. पण तो सांगायला जायचं तर पाय घराबाहेर पडला पाहिजे ना? म्हणून मी म्हणतो, ठरावात आणखी एक ओळ टाका : दिवसकार्य होईस्तोवर त्या बाईची कोणत्याही कागदावर सही घ्यायची नाही, आणि ग्रामसेवकानं स्वतः घरी जाऊन वारसनोंदीचा अर्ज समजावून सांगायचा. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, नवऱ्यानं जिवंतपणीच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं. सरकारनं १९९२ला त्याचं परिपत्रकही काढलं. आमच्या गावात किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे, मी मोजले. बोटं पुरली.

माझं लग्न झालं त्याच वर्षी मी बायकोचं नाव लावून घेतलं.

डिचोलीहून

गोव्यात आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर निम्मी मालमत्ता बायकोचीच. काका वारल्यावर काकीला त्यासाठी कुणाशी भांडावं लागलं नाही. पण त्याच वर्षी जत्रेला देवीची ओटी भरायला ती पुढे झाली, तेव्हा घरच्याच बायकांनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. निम्म्या घराची मालकीण, आणि खणानारळाला हात लावायची मुभा नाही. तेव्हा वरच्या भाऊंना सांगावंसं वाटतं, कागद हवाच, पण एकटा कागद पुरत नाही.

चाळीतली

लालबाग. आम्ही २०२३च्या संक्रांतीला मजल्यावरच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलवायचं ठरवलं, नवरा असो नसो. पाच जणींना निरोप दिला. एकच आली, माझ्या समोरच्या खोलीतल्या काकू. दारापर्यंत आल्या. कुंकवाची कोयरी जिच्या हातात होती ती क्षणभर थबकली. एकच क्षण. काकूंनी ते पाहिलं. "गॅसवर दूध ठेवलंय" म्हणाल्या आणि परत गेल्या.

वाण त्यांच्या घरी नेऊन दिलं, त्यांनी हसून घेतलंही. पण मला रात्रभर झोप नाही. यंदा ठरवलंय, कोयरी माझ्या हातात राहील आणि पहिलं बोट काकूंच्या कपाळाला लागेल. त्या येतील का, माहीत नाही.

जुन्या पेठेतला

माझं वय ७१. मला हे सगळं पटत नाही, आणि ते इथं सांगितलंच पाहिजे. प्रत्येक गोष्टीला ठराव करून घरातले दुःखाचे विधी पंचायतीत न्यायचे का? माझ्या आईनं वडिलांच्या मागे पस्तीस वर्षं पांढऱ्या कपाळानं काढली, पण घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. तिला त्या व्रतात मान वाटत होता. लोक आपोआप बदलतात, काळ बदलवतो. सक्तीनं फक्त चीड वाढते.

पंचगंगाकाठ

काका, तुमच्या आईंबद्दल आदरच आहे. पण आपोआप बदलतं हे मला मान्य नाही. फुले दांपत्यानं १८६३ला पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा कुठं फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणाला दार मिळालं. १८९०ला मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळी एकत्र जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणाली. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. शास्त्रार्थ कुणी जिंकला असेल नसेल, वस्तरा धरणारा हातच थांबला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ला विधवेशी लग्न केलं तर मुरुडला गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ला पुनर्विवाहाचा कायदा केला. यातलं काहीही काळानं केलेलं नाही, एकेका माणसानं शिव्या खाऊन केलंय. केशवपन आज कुणाच्या स्वप्नातही येत नाही, पण आमच्या पणजीनं ते भोगलंय.

आईंना त्या व्रतात मान वाटत होता, हे मी खरं मानते. त्यांना विचारलं गेलं होतं का, एवढंच तुम्हाला विचारते.

जुन्या पेठेतला

विचारलं नव्हतं. वडील गेले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस लिहिलं नाही. तिच्या ट्रंकेत एक जरीची हिरवी साडी तळाशी होती, ती गेल्यावर आम्हाला सापडली. घडी मोडलेली नव्हती, पण डांबराच्या गोळ्या ताज्या होत्या. म्हणजे ती दरवर्षी बदलत असणार. मी याचा कधी विचार केला नव्हता.

बहिणीचं लग्न

मी इचलकरंजीचा, यंत्रमागावर काम करतो. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात बहिणीचं लग्न होतं. मामा म्हणाले, कन्यादानाला काका-काकूंना बसवू, आई मागं बसेल. मी म्हटलं, आई बसेल. भटजींना आधीच विचारलं होतं, ते म्हणाले, माझी काही हरकत नाही, तुमच्या घरातल्यांचं बघा. घरातल्यांचं बघण्यात तीन आठवडे गेले. मोठी काकू लग्नाला आली नाही. त्याचं वाईट वाटतं, ते मी लपवत नाही.

सगळ्यात अवघड आईच होती. "लोक काय म्हणतील" यापेक्षा तिला भीती होती ती "पोरीच्या संसाराला माझी सावली नको" याची. हे तिच्या तोंडून ऐकताना मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. बहीणच बोलली, "तू नाही बसलीस तर मी बोहल्यावर चढत नाही."

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला कासार घरी आला. सगळ्या बायकांचं झालं. आई दाराआड उभी होती. बहिणीनं हाताला धरून आणून बसवलं. कासारानं विचारलं, "काकी, कितीच्या?"

आई बघतच राहिली. तिला आठवेना. कासार वयानं मोठा माणूस. काही बोलला नाही. त्यानं तिचा हात हातात घेतला, अंगठा आत दुमडला, पंजा जरा दाबून बघितला आणि पेटीतून हिरव्या बांगड्यांचा गठ्ठा सोडत म्हणाला, "दोन-सहा."