'इंड्यूस्ड ट्रॅफिक'ला मराठीत काय म्हणावं?

एका भाषांतरात अडलोय. रस्ता रुंद केला की त्याच्यामुळेच नवी वाहनं येतात आणि काही वर्षांत कोंडी पुन्हा पहिल्यासारखीच होते. ही जी नवी वाहतूक, तिला मी 'प्रेरित वाहतूक' लिहिलंय. पण वाचताना गाड्यांना कुणी स्फूर्ती दिल्यासारखं वाटतं.

— भौतिकशास्त्रात 'प्रवर्तित' आहे. चुंबक हलला की वेटोळ्यात प्रवाह उमटतो, तशीच ही वाहतूक. अर्थ चपखल बसतो, पण शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर तग धरेलसं वाटत नाही.

— साधं 'वाढीव वाहतूक' का नको?

— कारण लोकसंख्या वाढली तरी वाहतूक वाढतेच. इथे रस्ताच कारण आहे, ते शब्दात यायला हवं. आणि 'वळवलेली'ही नको. शेजारच्या रस्त्यावरची गाडी इकडे आली तर एकूण गाड्या तेवढ्याच राहतात. इथे एरवी रेल्वेने गेलेला, नाहीतर जवळच काम उरकलेला माणूस गाडी काढतो. पुढे घरही लांब घेतो. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी महानगरांविषयी दाखवलं, की महामार्गांच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्यांवरचं एकूण धावणंही वाढतं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद केला. सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका! तरी २०११ ते २०१४ मध्ये तिथला गर्दीच्या वेळचा प्रवास लांबतच गेला.

— 'सुप्त मागणी' चालेल?

— ती रस्ता होण्याआधीची. आपल्याला ती जागी झाल्यानंतरचा शब्द हवाय.

— थोडं अवांतर: 'रहदारी' फारसी 'राहदारी'वरून आलाय. मुघल काळात राहदारी म्हणजे वाटेवर वसूल होणारा कर. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना शुल्क लावून पाहिलं, तेव्हा त्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या. जुन्या अर्थाची राहदारी बसवली आणि नव्या अर्थाची कमी झाली!

— घडीव, कोरीव, तसं 'ओढीव वाहतूक'? रस्त्याने ओढून आणलेली.

— नो पार्किंगमधून उचलून नेलेल्या गाड्या डोळ्यांपुढे आल्या.

— माझ्याही. मग पहिल्यांदा 'रस्त्याने ओढवून घेतलेली रहदारी' असं सविस्तर लिहितो आणि पुढे 'प्रेरित'च ठेवतो. 'ओढवून घेणं' यात दोष कुणाचा तेही आपोआप येतं.