मदत हवी आहे: वजनासाठी पोटाची बायपास सर्जरी करायचं ठरतंय, घरचे तयार नाहीत

नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ११४ किलो, बीएमआय ४३, शुगरच्या गोळ्या चालू. डाएट, चालणं सगळं झालं. उतरलेलं वजन व्याजासकट परत येतं. डॉक्टर सर्जरी सुचवतायत. स्लीव्हनंतर (पोटाचा मोठा भाग काढून टाकतात ती सर्जरी) अ‍ॅसिडिटी वाढू शकते आणि मला ती आधीच भरपूर, म्हणून कल बायपासकडे (पोट छोटं करून थेट लहान आतड्याला जोडतात).

सासूबाई म्हणतात, "धडधाकट पोट कशाला कापायचं? रात्रीचा भात सोड." (तो सोडून वर्षं झाली!) नवरा गप्प, म्हणजे विरोधच.

मी करणार आहे. बायपास झालेल्यांनी सांगा: बी१२, लोह, कॅल्शियम आयुष्यभर घेणं जमतं का? गोड खाल्ल्यावर घाम, धडधड कितपत होते? नवऱ्याला डॉक्टरांसमोर बसवून कुणाचं काम झालंय का? "मनावर घ्या, कमी होईल" एवढं सोडून काहीही सांगा.